वाचकांचे प्रश्न : वरची चादर कुठली, खालची कुठली

गड्ड्याच्या यात्रेत मागचे आठ दिवस माझे होम मैदानावर भाच्यांना पाळण्यात बसवण्यात गेले, त्यामुळे पत्रं साठली. उघडून बघते तर निम्म्या लोकांचं दुखणं एकच निघालं, रॉसच्या (रोबोचं सॉफ्टवेअर लिहायच्या साधनसंचाच्या) वर्कस्पेसचे थर, म्हणजे एकावर एक रचलेले कोडचे फोल्डर. कुणाचे दोन, कुणाचे चार, एका पठ्ठ्याचे सहा आहेत आणि वरून विचारतो अजून एक वाढवला तर चालेल का. म्हणून या वेळी सगळा कॉलम त्याच्यावरच. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरांत टाइप करा, मागच्या महिन्यात एकाने खरंच मराठी कीबोर्डवरून टाकून बघितलं होतं.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही शेवटच्या वर्षाची चार पोरं, जुळे सोलापूरला राहतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात प्रोजेक्ट करतोय, रोबो कांड्यांचे क्रेट घेऊन मागांच्या मधल्या गल्लीतून जातो. उबंटू 22.04 वर हंबल, म्हणजे रॉस टूची एक आवृत्ती, एप्टने (तयार पॅकेजेस टाकणाऱ्या कमांडने) टाकलंय. कंट्रोलरमध्ये बदल करायचा होता म्हणून नॅव्ह टू (रोबोला वाट काढून देणारी पॅकेजेस) वेगळ्या वर्कस्पेसमध्ये सोर्समधून बिल्ड केलं, आणि त्याच्यावर आमचं रोबोचं वर्कस्पेस. बदल केला, बिल्ड झालं, एकही एरर नाही, पण रोबो वळणावर पहिल्यासारखाच वागतोय. शेवटी कंट्रोलरच्या कोडमध्ये एक लॉगची ओळ टाकली, ती पण कुठं दिसत नाही. तीन दिवस झाले. एक सर म्हणाले सगळं फॉरमॅट करून परत टाका. टाकू का?

नाही. फॉरमॅट करू नका, फॉरमॅट केल्यावर चालेल सुद्धा कदाचित, पण का चाललं ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात परत इथंच येऊन बसाल.

लॉगची ओळ टाकून बघितली हे मात्र एकदम बरोबर केलंत. ओळ दिसत नाही याचा अर्थ तुमचा बदल चुकलाय असा नाही, तुमचा बदल असलेली लायब्ररी चालतच नाहीये, दुसरीच कुठली तरी चालतेय. आता ती कुठली हे शोधायचं.

रॉस टूमध्ये सेटअप डॉट बॅश सोर्स करतो म्हणजे आपण फार काही मोठं करत नाही, त्या टर्मिनलपुरते काही व्हेरिएबलमध्ये पत्ते भरतो. त्यातला मुख्य म्हणजे अमेंट प्रिफिक्स पाथ, बाकी पायथनचा वेगळा, लायब्ररीचा वेगळा, सीमेकचा वेगळा. पत्ते कोलनने जोडलेले एका रांगेत असतात आणि एखादं पॅकेज हवं असलं की रांगेच्या सुरुवातीपासून बघत जायचं, जिथं पहिल्यांदा सापडलं तिथं थांबायचं. जे शेवटी सोर्स केलं ते रांगेत सगळ्यात पुढं जाऊन बसतं. सोलापुरात बसून चादरीचं उदाहरण द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं पण यापेक्षा नीट बसणारं दुसरं सुचत नाही, गादीवर एक चादर, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, तुम्हाला दिसते ती वरची, आणि वरचीला जिथं भोक असेल तिथून खालची दिसते. हंबल ही तुमची सगळ्यात खालची चादर. तुमच्या रोबो वर्कस्पेसमध्ये जे पॅकेज नाही ते नॅव्हच्या वर्कस्पेसमधून येणार, तिथं नाही ते हंबलमधून. वरच्या थराला ओव्हरले म्हणतात, खालच्याला अंडरले, आणि मधल्याला? तो वरच्यासाठी अंडरले आणि खालच्यासाठी ओव्हरले, आपल्या घरातल्या मधल्या जावेसारखं.

तर कमांड एकच, "रॉस टू पीकेजी प्रिफिक्स" आणि पुढं पॅकेजचं पूर्ण नाव, तुमच्या बाबतीत नॅव्ह टू रेग्युलेटेड प्युअर पर्सुट कंट्रोलर. ज्या टर्मिनलमधून रोबो चालवता त्याच टर्मिनलमध्ये मारायची, दुसऱ्या नाही. पत्ता नॅव्हच्या वर्कस्पेसमधला आला पाहिजे.

या पोरांना मी अंक छापायला जायच्या आधीच मेसेज करून हे करायला लावलं. उत्तर काय आलं बघा, पत्ता आला यांच्या रोबो वर्कस्पेसमधला! आणि हे म्हणतात ताई आमच्या रोबो वर्कस्पेसच्या एसआरसी या मूळ कोडच्या फोल्डरमध्ये ते पॅकेजच नाही, आत्ता बघितलं. मग थोड्या वेळाने चौघांतल्या एकाला आठवलं, की सुरुवातीला वेगळं वर्कस्पेस नव्हतं तेव्हा त्यानं ते पॅकेज तिथंच कॉपी केलं होतं, बिल्ड केलं होतं, आणि नंतर एसआरसीमधून काढून टाकलं.

एसआरसीमधून काढलं, इन्स्टॉलमधून कुणी काढलं? कोलकॉन, म्हणजे बिल्ड करणारं साधन, काढत नाही. कोलकॉन एसआरसीमध्ये जे दिसेल ते बिल्ड करतो, आधीचं जे इन्स्टॉल फोल्डरमध्ये पडलंय त्याला हात लावत नाही, आणि सेटअप डॉट बॅश चालवली की ती इन्स्टॉलमध्ये नोंद असलेली सगळी पॅकेजेस उभी करते, त्यात हे भूत पण. वरची चादर, म्हणून तेच दिसणार. तुम्ही खालच्या चादरीवर तीन दिवस नक्षी काढत बसलात.

उपाय म्हणजे रोबो वर्कस्पेसमधल्या बिल्ड आणि इन्स्टॉल या दोन्ही फोल्डरमधून त्या पॅकेजच्या नावाचा फोल्डर उडवायचा आणि नवीन टर्मिनल उघडायचं. जर बिल्ड करताना मर्ज इन्स्टॉल हा पर्याय लावला असेल तर सगळी पॅकेजेस एकाच ठिकाणी मिसळलेली असतात, त्यातून एक वेगळं काढता येत नाही, मग बिल्ड, इन्स्टॉल, लॉग तिन्ही फोल्डर उडवून परत बिल्ड. घाबरायचं काही नाही, त्या तिन्हीत तुमचं स्वतःचं काहीच नसतं, तुमचं सगळं एसआरसीमध्ये.

आता हे झालं तरी तुमचं दुसरं एक प्रकरण आहे जे तुम्ही विचारलं नाही पण तुमच्या स्क्रीनशॉटवरून मला दिसलं. तुमचं रोबो वर्कस्पेस नॅव्हच्या वर बसलंय असं तुम्हाला वाटतंय, पण ते बिल्ड करताना त्या टर्मिनलमध्ये नॅव्ह सोर्स केलेलंच नव्हतं, फक्त हंबल होतं. इथं चादरीचं उदाहरण संपतं आणि गोधडीचं सुरू होतं. चादर नुसती अंथरलेली असते, गोधडी शिवलेली असते. तुम्ही कोलकॉन बिल्ड मारता त्या क्षणी टर्मिनलमध्ये खाली जे जे सोर्स केलेलं असेल ते कोलकॉन बघतो आणि त्यांचे पत्ते तुमच्या इन्स्टॉलमधल्या सेटअप डॉट बॅशमध्ये शिवून टाकतो. विश्वास नसेल तर ती फाइल उघडून बघा, लहानशी आहे, त्यात चेन्ड प्रिफिक्स अशी कॉमेंट आणि त्याखाली कोलकॉन करंट प्रिफिक्स म्हणून एकेक पत्ता लिहिलेला असतो. तुमच्या फाइलमध्ये हंबलचा आहे, नॅव्हचा नाही. म्हणजे कंपाइल झालं ते हंबलच्या नॅव्हवर आणि चालवताना तुमच्या वर्कस्पेसच्या आधी नॅव्हचं वर्कस्पेस हाताने सोर्स करून घातलं. चाललं, कारण तुमचा बदल लहान होता. हेडर, म्हणजे जी फाइल बघून इतर कोड कंपाइल होतो ती, बदललं असतं तर रोबो कुठल्या मागावर जाऊन धडकला असता काय सांगावं.

तर एकदा सगळं खालून वर नीट करा. नवीन टर्मिनल, फक्त हंबल सोर्स, नॅव्हचं बिल्ड. ते टर्मिनल बंद. परत नवीन टर्मिनल, फक्त नॅव्हची सेटअप डॉट बॅश सोर्स (हंबल वेगळं करायची गरज नाही, ते आता शिवलेलं आहे, आपोआप येतं), रोबोचं बिल्ड. ते पण बंद. तिसरं टर्मिनल, रोबोची सेटअप डॉट बॅश, आणि रोबो चालवा. बिल्ड केलं त्याच टर्मिनलमध्ये चालवू नका आणि चालवलं त्याच्यात बिल्ड करू नका, ही सवय एकदा लागली की अर्धी पत्रं मला येणंच बंद होईल.

आणि पोरांनो, मागांच्या मध्ये लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) लावलाय ना, त्याची काच रोज पुसा. कापसाचा तूस बसतो, मग कंट्रोलर कितीही चांगला असू दे.

प्रश्न : मी मूळची सोलापूरची, नोकरी पुण्यात, दर शुक्रवारी हुतात्मा पकडून घरी येते. माझ्या बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडलं की आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये) सोर्सच्या सात ओळी झाल्यात. एक सीनियर म्हणतो सेटअप डॉट बॅश वापर, दुसरा म्हणतो लोकल सेटअप. टर्मिनल उघडलं की दोन तीनदा "नॉट फाउंड" असं काहीतरी येतं, पण काम चालतंय. सोडून देऊ का?

लोकल सेटअप म्हणजे फक्त ह्या थराची चादर, सुट्टी. सेटअप म्हणजे शिवलेली गोधडी, खालचे सगळे थर घेऊन येते. रोजच्या कामाला सगळ्यात वरच्या वर्कस्पेसची सेटअप डॉट बॅश, एकच ओळ, विषय संपला. लोकल सेटअप लागते ती क्वचित, खालचं काय हवं ते तुम्ही स्वतः ठरवून आधी सोर्स केलेलं असतं आणि शिवलेला जुना पत्ता नको असतो तेव्हा. दोन्ही सीनियर बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या दिवशी.

"नॉट फाउंड" येतं कारण कधीतरी बिल्ड करताना जे वर्कस्पेस खाली होतं ते तुम्ही नंतर उडवलंत किंवा त्याचं नाव बदललंत, आणि शिवलेला पत्ता तसाच राहिला. आत्ता चालतंय कारण त्यातलं काही लागत नाहीये. सोडून देऊ नका मात्र. मी सोडून दिलं होतं त्याचं सांगते.

एका क्लायंटच्या रोबोचं काम घरून करत होते. माझं स्वतःचं प्रयोगाचं एक वर्कस्पेस होतं, कुठली कुठली पॅकेजेस आणून टाकलेली, आणि ते बॅशआरसीमधून आपोआप सोर्स व्हायचं, म्हणजे मी उघडेन त्या प्रत्येक टर्मिनलच्या तळाला ते असायचंच आणि मला आठवत पण नव्हतं. त्यातच क्लायंटचं वर्कस्पेस बिल्ड केलं. माझ्याकडं सगळं झकास. साइटवर गेले, तिथल्या कॉम्प्युटरवर कोड घेतला, बिल्ड मारलं तर दोन पॅकेजेस सापडत नाहीत. मला वाटलं नेटवरून अर्धवट डाउनलोड झालं. तास दीड तास त्यात गेला, मागं क्लायंटची माणसं चहाचे कप घेऊन उभी, आणि मग ट्यूब पेटली की ती दोन पॅकेजेस माझ्या प्रयोगाच्या ढिगातून येत होती, क्लायंटच्या पॅकेज एक्सएमएलमध्ये (कुठली पॅकेजेस लागतात ते लिहायच्या फाइलमध्ये) मी ती लिहिलीच नव्हती कारण माझ्याकडं कधी एरर आलीच नाही. चूक सगळी माझी. त्या रात्री घरी येऊन बॅशआरसी साफ केली.

तुम्ही पण करा. सातही ओळी काढा, त्याच्या जागी छोटी फंक्शन लिहा, "पुणेरोबो" टाइप केलं की त्या कामाचं वरचं वर्कस्पेस सोर्स, "प्रयोग" टाइप केलं की दुसरं. टर्मिनल उघडलं की कोरं. दोन अक्षरं जास्त टाइप करावी लागतात, पण आपण कुठं उभे आहोत ते माहीत असतं. हौस असेल तर त्याच फंक्शनमधून प्रॉम्प्टवर वर्कस्पेसचं नाव पण दाखवा. आणि एकदा सोर्स केलेलं काढायची कमांड शोधत बसू नका, अनसोर्स असं काही नाही, टर्मिनल बंद करून नवीन उघडायचं. रॉस डिस्ट्रो आधी वेगळं होतं असा इशारा कधी दिसला तर मात्र हातातलं सोडून तिथंच थांबा, एकाच टर्मिनलमध्ये दोन वेगळ्या रॉसचे पत्ते मिसळलेत, त्यात केलेलं कुठलंच बिल्ड धरू नका.

प्रश्न : सिमलिंक इन्स्टॉल लावलं की परत बिल्ड करावं लागत नाही असं ऐकलं, मग मला का करावं लागतंय? (विजापूर रोड)

अर्धंच ऐकलं. पायथनची फाइल, लाँच फाइल, यॅमल, यांची कॉपी न करता इन्स्टॉलमध्ये मूळ फाइलची लिंक ठेवली जाते म्हणून आहे ती फाइल बदलली तर लगेच लागू. सी प्लस प्लस कंपाइल करावंच लागतं, त्याला सुटका नाही. आणि नवीन फाइल टाकली, किंवा सेटअप डॉट पायमध्ये नवीन एन्ट्री पॉइंट लिहिला तर एकदा बिल्ड हवंच, लिंक कुणीतरी बनवायला हवी ना. आधी साधं बिल्ड आणि मग सिमलिंकवालं असं त्याच फोल्डरवर आलटून पालटून करत असाल तर ते थांबवा, विचित्र एरर येतात, एकदा बिल्ड आणि इन्स्टॉल पुसा आणि एकाच पद्धतीवर राहा.

प्रश्न : गोदामातल्या ट्रॉली रोबोवर काम करतो. एका स्टँडर्ड मेसेज पॅकेजमध्ये मला एक फील्ड जास्त हवं होतं म्हणून ते पॅकेज माझ्या वर्कस्पेसमध्ये घेऊन बदललं. कोलकॉनने अलाउ ओव्हररायडिंग असं काहीतरी पिवळं लिहून दाखवलं, मी ते लावून टाकलं, गप्प झालं. आता एप्टने टाकलेले काही नोड (रोबोचे छोटे छोटे प्रोग्राम) मधेच सेगफॉल्ट होऊन मरतात, रोज नाही, कधी कधी. (होटगी रोड)

तुम्ही धुराचा अलार्म वाजला म्हणून त्याची बॅटरी काढलीत.

कोलकॉन तो इशारा उगाच देत नाही. तुम्ही बदललेल्या पॅकेजवर खालच्या थरातली कितीतरी पॅकेजेस अवलंबून आहेत आणि ती कंपाइल झाली तेव्हा मेसेजचा आकार जुना होता, म्हणजे त्यांच्या हिशेबात हे फील्ड अमुक जागी, ते तमुक जागी. आता चालताना त्यांच्या हातात तुमची नवी लायब्ररी येते, तिच्या हिशेबात जागा सरकलेल्या. खालच्या पॅकेजेसना कुणी सांगितलंच नाही. कधी नशिबानं जमतं, कधी मेमरीत भलतीकडं हात जातो आणि नोड मरतो. "कधी कधी" होतंय हेच त्याचं लक्षण. याला एबीआय बिघडणं म्हणतात, आणि हे कंपाइलरला पकडता येत नाही कारण ती खालची पॅकेजेस परत कंपाइल होतच नाहीत.

नियमाने करायचं तर जे जे त्या पॅकेजवर अवलंबून आहे ते सगळं सोर्समधून तुमच्या थरात आणून परत बिल्ड करावं लागेल. कोलकॉनमध्ये पॅकेजेस अबव्ह हा पर्याय आहे, एखाद्या पॅकेजवर टेकलेली सगळी पॅकेजेस तो बिल्ड करतो, पण तुमच्या एसआरसीमध्ये असलेलीच, एप्टवाली नाही. स्टँडर्ड मेसेज असेल तर ही यादी इतकी लांब जाते की शेवटी अर्धं रॉस तुमच्या लॅपटॉपवर सोर्समध्ये असेल.

त्यापेक्षा सरळ मार्ग, तुमचं ते एक फील्ड तुमच्याच नावाच्या वेगळ्या मेसेज पॅकेजमध्ये घाला. स्टँडर्ड मेसेज आतमध्ये जसाच्या तसा आणि शेजारी तुमचं फील्ड. दोन तासांचं काम आहे.

सगळंच ओव्हरराइड वाईट असं नाही, वरच्या पोरांनी कंट्रोलर बदलला तो प्रकार बऱ्यापैकी सुरक्षित कारण तो प्लगइन आहे, सगळ्यात वरच्या टोकाला असतो, त्याच्या हेडरवर दुसरं कुणी फारसं टेकलेलं नसतं. टोकाची पॅकेजेस खुशाल बदला. पायातली बदलायची तर घर रिकामं करावं लागतं. हंबलपासून एक सुधारणा झालीय, रॉसच्या पॅकेजेसची हेडर इन्क्लूडमध्ये पॅकेजच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरात जातात, आधी सगळी एकाच ठिकाणी असायची आणि वरच्या थराचं कंपाइल करताना खालचं हेडर चुकून उचललं जायचं. तो त्रास कमी झाला. तुमचा त्रास त्यातला नाही.

प्रश्न : आमच्याकडं अजून रॉस वन, नोएटिक आहे. तिथं हे थर कसे?

कल्पना तीच. कॅटकिन टूल्समध्ये (रॉस वनचं बिल्ड करायचं साधन) "कॅटकिन कॉन्फिग एक्सटेंड" म्हणून खालचं वर्कस्पेस स्पष्ट सांगता येतं, ते मला कोलकॉनपेक्षा आवडायचं खरं सांगायचं तर, कारण तिथं तुम्ही बोलून ठरवता आणि इथं टर्मिनल काय पांघरून बसलंय त्यावर ठरतं. पण नोएटिकचा सपोर्ट मे 2025 मध्ये संपला. नवीन काही सुरू करणार असाल तर रॉस टूची जॅझी आवृत्ती घ्या, उबंटू 24.04 वर, मे 2029 पर्यंत चालेल. हंबल मे 2027 पर्यंतच आहे.

प्रश्न : मी डिप्लोमा कॉलेजात शिकवतो, लॅबला बारा कॉम्प्युटर आहेत. प्रत्येक पोरगं पहिल्यापासून सगळं बिल्ड करतं, प्रॅक्टिकलचे दोन तास त्यातच जातात. एका कॉम्प्युटरवर बिल्ड करून इन्स्टॉल फोल्डर पेनड्राइव्हने बाकीच्यांवर टाकला तर चाललं नाही. थर वापरून काही जमेल का?

सर, थरांचा खरा उपयोग तुमच्यासारख्यांनाच आहे.

पेनड्राइव्हचं आधी. इन्स्टॉल फोल्डरमध्ये पूर्ण पत्ते लिहिलेले असतात, खालच्या थराचा पत्ता तर असतोच असतो. तुम्ही बिल्ड केलं "होम" मधल्या एका युजरच्या फोल्डरात आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो युजरच नाही, तर कुठून सापडणार. सिमलिंक लावलं असेल तर अजून वाईट, कॉपी केलेत ते नुसते बाण, बाण दाखवतायत तिथं काही नाही.

असं करा. ज्या गोष्टी पोरं बदलणार नाहीत, म्हणजे रोबोचा ड्रायव्हर, सिम्युलेशनचं मॉडेल, तुमची मेसेज पॅकेजेस, त्यांचं एक लॅबचं वर्कस्पेस करा आणि ते ऑप्टच्या खाली एखाद्या ठरलेल्या पत्त्यावर ठेवा, बाराही कॉम्प्युटरवर तोच पत्ता, एका अक्षराचाही फरक नको. बिल्ड करताना मर्ज इन्स्टॉल लावा, सिमलिंक लावू नका. रूटच्या मालकीचं ठेवा म्हणजे पोरांना वाचता येईल, लिहिता येणार नाही, हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर कुणीतरी "फक्त एक ओळ" बदलतंच. पत्ता एकच, उबंटू एकच, एप्टची पॅकेजेस तीच असतील तर एकदा बिल्ड करून बाकी अकरांवर कॉपी केलेलं चालेल. एप्टची यादी जुळवायला रॉसडेप आहे, "रॉसडेप इन्स्टॉल फ्रॉम पाथ्स एसआरसी इग्नोर एसआरसी" हे प्रत्येक कॉम्प्युटरवर एकदा चालवा, त्यासाठी तेवढं सोर्स तिथं ठेवावं लागेल.

पोरांनी आपल्या होममध्ये आपलं छोटं वर्कस्पेस करायचं, लॅबचं सोर्स करून त्यावर बिल्ड. एक दोन पॅकेजेस असतात, चहा यायच्या आत होतं. बिघडवलं तर तीन फोल्डर पुसायचे आणि परत, लॅबच्या थराला धक्का नाही.

एक अट मात्र आहे. तुम्ही लॅबचा थर बदललात, विशेषतः मेसेज, तर त्याच्यावरचं प्रत्येक पोराचं वर्कस्पेस पुसून परत बिल्ड व्हायला हवं. खालचं बदललं हे वरच्याला आपोआप कळत नाही. म्हणून सेमिस्टरच्या सुरुवातीला एकदा गोठवा आणि परीक्षेपर्यंत हात लावू नका. कुठलं पॅकेज कुठल्या कमिटवर होतं हे लक्षात ठेवायला व्हीसीएस टूल वापरा, "व्हीसीएस एक्स्पोर्ट एक्झॅक्ट" केलं की एका रेपोज फाइलमध्ये सगळं येतं, पुढच्या वर्षी इम्पोर्ट केलं की जसंच्या तसं. ती फाइल गिटमध्ये ठेवा. बिल्ड आणि इन्स्टॉल गिटमध्ये ठेवू नका, हो, ठेवणारे आहेत, मी बघितलेत.

किती थर असावेत हे पण तुम्ही खाली विचारलंय. रॉस, लॅब, पोरगं, तीन. चौथा थर करावासा वाटला तर मी आधी विचारते की हा वेगळा का हवा, वेगळा माणूस सांभाळणार आहे का, किंवा वेगळ्या वेगानं बदलणार आहे का. नसेल तर त्याच एसआरसीमध्ये अजून एक फोल्डर करा. काही पॅकेज तात्पुरतं नको असेल तर त्यात कोलकॉन इग्नोर नावाची रिकामी फाइल टाकली की कोलकॉन ते सोडून देतो, फक्त वरच्या पोरांसारखं इन्स्टॉलमधलं भूत काढायला विसरू नका.

प्रश्न : मॅडम, मी अशोक चौकात राहतो, आमचे चार माग आहेत. हे मासिक मुलाच्या टेबलावर दिसलं म्हणून लिहितोय. मुलगा रात्री दोन दोनपर्यंत लॅपटॉपसमोर बसतो, विचारलं की म्हणतो "बिल्ड व्हायलंय बाबा". लॅपटॉप तव्यासारखा तापतो आणि मधेच बंदच पडतो, मग तो चिडतो. हे नेमकं काय करायलाय? आणि नवीन लॅपटॉप मागतोय, घ्यावा का?

काका, नमस्कार. तुमचं पत्र सगळ्यात आवडलं.

तो काय करायलाय ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. माग चालू करायच्या आधी बीम भरावा लागतो, टोकं जोडावी लागतात, त्याला वेळ लागतो आणि तोवर कापड एक इंच सुद्धा दिसत नाही. बिल्ड म्हणजे तेच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नुसता बसलाय.

लॅपटॉप बंद का पडतो ते मात्र मी ओळखलं असं वाटतंय. त्याला हा भाग वाचून दाखवा. कोलकॉन एका वेळी बरीच पॅकेजेस बिल्ड करायला घेतो, आणि त्यातलं प्रत्येक पॅकेज परत आपल्या आत अनेक फाइली एकदम कंपाइल करायला घेतं, म्हणजे चार माग चालतील एवढ्या विजेवर सोळा माग सुरू केल्यासारखं. आठ जीबी रॅम असेल तर ती भरते आणि मशीन गोठतं. त्यानं बिल्ड करताना पॅरलल वर्कर्स एक किंवा एक्झिक्युटर सिक्वेन्शियल लावावं, आणि मेकफ्लॅग्जमध्ये "जे दोन" (-j2) असं ठेवावं, दोन्ही करायचं, एकच करून उपयोग नाही. वेळ थोडा जास्त लागेल पण पुरं होईल. दर वेळी टाइप करायचा कंटाळा असेल तर होममधल्या डॉट कोलकॉन फोल्डरात डिफॉल्ट्स डॉट यॅमल म्हणून फाइल असते, वर्कर्सचं तिथं लिहून ठेवता येतं. आणि दर वेळी सगळं बिल्ड करायचं नाही, पॅकेजेस सिलेक्ट लावून जे बदललंय तेवढंच. मधेच बंद पडलं तरी झालेली पॅकेजेस वाया जात नाहीत, परत मारलं की तो पुढं जातो.

लॅपटॉप आत्ताच घेऊ नका. आधी रॅम वाढवता येते का बघा, बऱ्याच लॅपटॉपमध्ये येते, नव्या लॅपटॉपच्या मानानं फार स्वस्तात काम होतं. आणि तो पलंगावर चादरीवर ठेवून बसत असेल, हो ना? खालून हवाच लागत नाही. घरातला लाकडी पाट द्या त्याला खाली ठेवायला.